बोटानं बोलायचं पान

४ फेब्रुवारी

भिंगरे,

हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेव, नाहीतर कामाच्या मशीनवर सांडशील. ठेवलास? आता ऐक. तुझी आजी जावास्क्रिप्ट शिकायला लागली आहे.

हसून घे. तुझी आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तुझ्या बाबाला हसू आलं नाही. तो म्हणाला, "आई, तुला टीव्हीचा रिमोट धड वापरता येत नाही." मी म्हटलं, रिमोटवरची बटणं दुसऱ्यानं केलेली असतात बाबा, मी स्वतःची करणार आहे. मी फार शिकलेली नाही हे खरंच आहे. शाळा सुटली तेव्हा मला जोडाक्षरं नीट येत नव्हती. ती पुढे तुझ्या आजोबांच्या दुकानात आली, रंगवलेल्या पाट्या वाळायला उभ्या असायच्या त्या वाचून वाचून. इंग्रजी अक्षरं पण तिथलीच. अजून मला कुठलं इंग्रजी अक्षर दिसलं की औषधाच्या दुकानाची नाहीतर शिंप्याची पाटी आठवते. पण अक्षर ओळखता येतं ना, झालं तर.

हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे, पत्ता तुझ्या आईकडून घेतला. फोन का करत नाही म्हणशील. फोनवर तू आधीच सांगून टाकतेस, "आजी, आजोबांचा विषय काढायचा नाही," आणि मला दुसरा विषय येत नाही. पत्रात मला कोण अडवतंय?

तर विषय काढते. आजोबांच्या डोक्यातली शीर अडली हे तुला आईनं सांगितलंच आहे. उजवा हात मांडीवर पडलेला असतो, कुणी दुसऱ्यानं तिथे विसरून गेल्यासारखा. वाचा गेली. समज सगळी शाबूत आहे, डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आणि मला तर न सांगताही कळतं, कारण बातम्या लागल्या की पूर्वीसारखंच तोंड वाकडं करतात. आम्ही त्यांना अक्षरांचा कागद दिला, बोट ठेवून शब्द लावा म्हणून. जन्मभर ज्यानं गावाची अक्षरं लावली त्याला आता दोन अक्षरांपुढे तिसरं लावता येत नाही. कागद त्यांनी खाली टाकला. अख्खा शब्द मात्र समोर धरला की ओळखतात. म्हणून मला वाटलं, त्यांना शब्दच करून द्यावेत. दाबला की बोलणारे.

आणि दुसरं कारण तुला माहीत आहे, तरी लिहिते. तू कॉम्प्युटरवरची पानं करायच्या नोकरीला निघालीस त्या दिवशी आजोबा म्हणाले होते, काचेतलं काम ते काय काम, जात असशील तर ह्या दुकानात परत पाऊल ठेवू नकोस. आणि तू म्हणालीस, "स्वतःच्या तोंडानं बोलवाल तेव्हाच येईन." दोघंही एकाच मातीचे. आता त्यांना तोंडच राहिलं नाही गं. मग कुणीतरी करून द्यायला नको का?

वर्ग ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर असतो. खाली चिठ्ठी लावली होती, "अगदी नवशिक्यांसाठी, काहीही येत नसलं तरी चालेल." म्हटलं ही पाटी माझ्याचसाठी लावलेली दिसते. वर गेले तर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, नातवंडाला न्यायला आलात का? वर्ग सुटायला वेळ आहे."

मी म्हटलं, "नाही, मलाच सोडायला आलेय."

पहिल्या दिवशी मशीनकडून "नमस्कार, जग" म्हणवून घेतलं. सगळे तेच करतात म्हणे. मला जगाशी काय करायचंय, माझ्या घरातला माणूस माझ्याशी बोलत नाही. मी "नमस्कार, भिंगरी" लिहिलं. पडद्यावर उमटलं तेव्हा मी टाळी वाजवली आणि शेजारच्या खुर्चीतले दचकले. ते निवृत्त कंडक्टर आहेत, बसमधले.

तुझीच,
शिकाऊ आजी

१९ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर आलं नाही, हरकत नाही. कामात असशील. मी पण कामात आहे.

आता माझा अभ्यास ऐक. एक असतो डबा. डब्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि आत हवं ते ठेवायचं, त्याला लेट म्हणतात. आज साखर ठेवली, उद्या रवाळ मीठ ठेवलं तरी डबा काही म्हणत नाही. आणि दुसरा एक असतो कॉन्स्ट. त्यात एकदा जे घातलं ते घातलं. नंतर बदलायला गेलं की मशीन अंगावर येतं. बाईंनी विचारलं, "कॉन्स्टचं उदाहरण कोण देईल?" मी हात वर केला आणि म्हटलं, "आमचे हे." वर्ग पाच मिनिटं थांबला होता.

मग फंक्शन. ते लिहून ठेवायचं, पण हाक मारल्याशिवाय ते जागचं हलत नाही. हे उदाहरण मी मनातच ठेवलं, तुझ्या बाबाचं होतं.

सगळ्यात गंमत बटणाची. बटण नुसतं काढून भागत नाही, त्याला कान लावावा लागतो. खरंच, बाई असंच म्हणतात, "आता ह्याला कान लावूया." म्हणजे ते ऐकत बसतं, कुणी दाबतंय का, दाबलं की मग काय करायचं ते करतं. घरात इतक्या माणसांना मी कान लावायचा प्रयत्न केला, शेवटी एका बटणाला लागला.

कंस मात्र माझा जीव घेतात. उघडला तेवढा मिटावा लागतो, आणि मी दारं उघडी टाकणारी बाई, तुला माहीत आहे. मिटला नाही की पान पांढरंफटक. मग बाई एक खिडकी उघडतात, तिच्यात तांबड्या अक्षरांत चूक कुठे आहे ते लिहून येतं. पहिल्यांदा तांबडं बघून मी घाबरले, वाटलं मशीन जळालं. बाई म्हणाल्या, "आजी, तांबडं आलं की रागावलं समजू नका. ते बिचारं मदत करतंय, इथे बघा म्हणतंय."

तर पान तयार झालं! तुझ्या आईच्या जुन्या टॅबवर उघडतं. वर पाणी, चहा, खिडकी. खाली "दुखतंय", ते बटण तांबडं केलं, कारण बाईंच्या नमुन्यात धोक्याचं बटण तांबडं होतं. दाबलं की शब्द मोठा होतो आणि आवाज येतो. आधी आवाज मशीनमधल्या बाईचा होता. आजोबांनी "चहा" दाबलं, आतून नाजूक आवाजात चहा मागितला गेला, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टॅब पदराखाली घेतला. मग कंडक्टर म्हणाले, "मी देतो आवाज, गळा अजून शाबूत आहे." दिला. आता आमच्याकडे चहा मागतात तो पुढचा थांबा पुकारल्यासारखा. तुझा बाबा परवा बाथरूममधून ओरडला, "कोण आलंय?"

सगळ्यात खाली एक हिरवं बटण आहे. त्यावर लिहिलंय, "भिंगरे, घरी ये." ते आजोबांना फार आवडलंय. सारखं बघत असतात.

तुझीच,
आजी

६ मार्च

भिंगरे,

तुझ्या आईनं फोनवर तुला हिरव्या बटणाबद्दल विचारलं आणि तू म्हणालीस, "आजीनं घातलेले शब्द मला लांबून ओळखता येतात." बरं. ओळखतेस तर ओळखतेस. दोन वर्षं, तू विषय नको म्हणालीस तरी, मी प्रत्येक फोनच्या शेवटी "आजोबांनी विचारलंय हं तुला" असं जोडत आले आणि तू प्रत्येक वेळी "हो का" म्हणत आलीस. मला वाटायचं तुला खरं वाटतंय.

मग खरंच लिहिते. हिरवं बटण त्यांनी एकदाही दाबलेलं नाही.

बघतात, हे खोटं नव्हतं. डावं बोट त्याच्याजवळ नेतात, टेकवल्यासारखं करतात, दाबत नाहीत. आणि लगेच तांबडं दाबतात. कंडक्टर ओरडतात, "दुखतंय!" पहिल्या वेळी माझ्या हातातली पातेली पडली. डॉक्टरांना बोलावलं. छाती बघितली, पोट दाबलं, डोळ्यांत उजेड पाडला, काही नाही. डॉक्टर गेले, आजोबांनी परत हिरव्याजवळ बोट नेलं, परत तांबडं. परत डॉक्टर.

तिसऱ्यांदा डॉक्टर दारातच उभे राहिले. म्हणाले, "काकू, ह्यांना कुठेही दुखत नाही. जेवण उत्तम, झोप उत्तम. ते बटणच काढून टाका ना."

"आणि खरंच दुखलं म्हणजे?" मी विचारलं.

"तेव्हा चेहऱ्यावरून कळेल तुम्हाला."

"चेहरा पन्नास वर्षं असाच आहे हो त्यांचा," मी म्हटलं.

आजोबांनी हे ऐकून डाव्या हातानं गादीवर थाप मारली. हसले की रागावले, ठरवता आलं नाही.

तुझ्या बाबाचं मत असं की तुझं नाव वाचलं की त्यांच्या काळजात दुखतं, म्हणून ते तसं दाबतात, आणि आपण त्यांना छळू नये. तुझी आई म्हणते की ते अजून तुझ्यावर रागावलेले आहेत. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि शाल विणत बसले. पण मला दोन्ही पटेना. रागावलेला माणूस दिवसाकाठी इतक्या वेळा त्याच बटणाशी जातो का? दुखणारा तरी जातो का?

तू त्यांच्या हाताखाली स्टुलावर उभी राहून वाढलीस. मी त्या दुकानात चहा घेऊन जायची आणि कप घेऊन यायची, तेवढीच. तुला काही सुचतंय का? रागात का होईना, पण सांग.

पानावर मी जे लिहिलंय ते सोबत कागदावर उतरवून पाठवते आहे. तुमच्यात म्हणे एकमेकांचं काम तपासतात.

आजी

२१ मार्च

भिंगरे, भिंगरे, भिंगरे,

पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मी त्याला आत बोलावून पाणी दिलं, पेढा असता तर तोही दिला असता. आठच ओळी लिहिल्यास आणि त्यांतल्या पाच माझे कंस दुरुस्त करण्यात घालवल्यास. पण काय सुंदर दुरुस्त केलेस! बाईंनी तुझा कागद वर्गात सगळ्यांना दाखवला. कंडक्टर म्हणाले, "नात कडक आहे." मी म्हटलं, शिकलीच कुणाच्या हाताखाली.

उरलेल्या तीन ओळी मला पाठ आहेत. "आजी, डॉक्टर बोलावू नकोस. दुकानात पाटी चुकली असेल तर आजोबा बोलायचे नाहीत, चुकीच्या जागी तांबडा ठिपका द्यायचे आणि निघून जायचे. हिरव्या पाटीत चूक आहे."

मी तिथेच चपलांच्या कपाटावर बसले. इतकी वर्षं त्या माणसाचा डबा भरला, शर्टावरचे तांबडे डाग घासघासून काढले, आणि मला वाटायचं रंग उडतो तो असाच उडतो! आणि तिकडे वर्गात बाई मला शिकवतायत की तांबडं दिसलं म्हणजे इथे बघा, आणि मी मान डोलावतेय, आणि घरी येऊन डॉक्टरांना फोन करतेय.

मी आजोबांसमोर जाऊन बसले, तुझं पत्र वाचून दाखवलं. "दुकानात तांबडा ठिपका" इथवर आले आणि त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. मी विचारलं, "हिरव्या पाटीत चूक आहे?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आत्ता कुठे दुकानात कामाला लागले.

मग मी लागले की दुरुस्तीला. आधी वाटलं रंग आवडला नसेल, पिवळा केला. तांबडं. परत हिरवा करून अक्षर जाड केलं. तांबडं. अक्षरांमधली फट सारखी केली, ही त्यांची फार जुनी खोड, तरी तांबडं. मग शब्दांना हात घातला. "भिंगरे, लवकर ये." तांबडं. "भिंगरे, चुकलं माझं, ये." हे मी दोनदा पुसून लिहिलं, ह्या माणसानं जन्मात असं म्हटलेलं नाही. त्यावर ते जरा थांबले. बोट बराच वेळ वर धरून ठेवलं. मग तांबडं.

"अहो, मग पाहिजे तरी काय तुम्हाला?" मी ओरडलेच. "नात यायला नको आहे का?"

त्यांनी टॅब माझ्याकडे ढकलला. रागानं नाही, गिऱ्हाइकाकडे पाटी परत ढकलावी तसा.

तुझा बाबा म्हणतो, "आई, सोड आता, त्यांना बोलवायचंच नाहीये तिला." आणि खरं सांगू, बाई परवा वर्गात म्हणाल्या की पान स्वतःहूनही बटण दाबू शकतं, माणसाच्या बोटाची गरज नसते, दोन ओळींचं काम आहे. माझ्या मनात आलं. घरी येईपर्यंत मनात होतं. हिरवं बटण आपोआप दाबलं जाईल, आजोबांनी दाबलं म्हणून मी तुला कळवीन, तू येशील. मग तू ओळखलं असतंस आणि परत कधीच आली नसतीस. नाही लिहिल्या त्या दोन ओळी.

अजून काही सुचलं तर कळव. नाही सुचलं तरी कळव.

तुझी,
शिकाऊ आजी

९ एप्रिल

भिंगरे,

हे पत्र बसून वाच.

गेल्या आठवड्यात बाईंनी यादी शिकवली आणि फेरा शिकवला. यादी म्हणजे शब्दांची माळ, आणि फेरा म्हणजे मशीन त्या माळेतून एकेक मणी ओढत जातं आणि प्रत्येकाचं तेच करतं. यादीत हवे तेवढे शब्द टाका, एवढ्याशा ओळींत तेवढी बटणं तयार, प्रत्येकाला कान लावलेला. मला पहिल्यापासून हे शिकवलं असतं तर, असं मी म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून शिकवलं असतं तर पळून गेला असतात, आजी."

मग माझ्या डोक्यात आलं. इतके दिवस मी त्यांच्या तोंडात अख्खी वाक्यं घालत होते. माझीच वाक्यं. तू म्हणालीस तसं, लांबून ओळखता येणारी. म्हटलं आता सुटे शब्द देऊन बघू. त्यांनी आयुष्यभर जे शब्द वापरले ते आठवले तसे यादीत टाकले. चहा, ब्रश, पाट्या, दुकान, मी, तू, ये, जा, येऊ, जाऊ, बघायला, नको, का, उद्या, पोरी, गाढव. शेवटचा शब्द तुझ्या बाबासाठी, त्याशिवाय यादी खरी वाटेना. आवाजासाठी कंडक्टरांना घरीच बोलावलं. त्यांनी गाढव फार मनापासून म्हटलं.

दुपारी जेवणानंतर आजोबांपुढे टॅब ठेवला. आधी त्यांनी सगळी बटणं एकेक करून ऐकली. गाढव दोनदा ऐकलं. मग मान खाली घालून बसून राहिले. मला वाटलं डोळा लागला. मी विणायला घेतलं.

"मी," टॅब म्हणाला.

मी सुई थांबवली. बोट इकडे तिकडे फिरत होतं. "जाऊ." लगेच तांबडं. तांबडं मी ठेवलं होतं बरं का, आता त्यावर "चूक" असं लिहिलंय. पुन्हा शोध. बोट थरथरतं, चुकून शेजारचं दाबलं जातं, "ब्रश", चूक, "नको", चूक. तुला माहीत आहे मला गप्प बसणं किती जड जातं. विणलेली अख्खी ओळ चुकली, उसवावी लागली.

"मी." "येऊ." "का."

मी विचारलं, "कुठे? बाहेर ओट्यावर येताय?" चूक. "स्वयंपाकघरात?" चूक, आणि कपाळाला आठ्या. मग त्यांनी बोट खाली नेलं, इतके दिवस न दाबलेल्या हिरव्याकडे, आणि तुझ्या नावावर ठेवलं. फक्त नावावर, पुढच्या शब्दांवर नाही.

"भिंगरीकडे?"

त्यांनी पटकन दोन शब्द दाबले, ते शोधावे सुद्धा लागले नाहीत. "पाट्या." "बघायला."

मी येऊ का. पाट्या बघायला.

ही चूक होती बघ. मी त्यांच्या तोंडी सारखं "ये, ये" घालत होते. त्यांना बोलवायचं नव्हतंच. त्यांना विचारायचं होतं. तुझ्या दुकानात पाऊल ठेवू का, म्हणून. आणि तुझ्या कामाला ते काय म्हणाले बघितलंस ना? पाट्या म्हणाले. इतक्या शब्दांतून निवडून.

हे मला सुचलं नसतं, भिंगरे. माझी अक्कल "घरी ये"च्या पुढे जात नाही. तू माझे शब्द ओळखतेस ना? मग हे कुणाचे आहेत तेही ओळखशील.

संध्याकाळी कंडक्टरांना परत बोलावलं, सुट्या शब्दांचं वाक्य करून म्हणायला. त्यांनी पहिल्यांदा सवयीनं पुकारलं, मग स्वतःच म्हणाले, "थांबा, हे असं नाही म्हणायचं." आणि हळू आवाजात म्हटलं. त्यांना असा आवाज आहे हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं.

हिरव्या बटणावर आता तेच लिहिलंय. आजोबांनी दाबलं. ऐकलं. परत दाबलं. जेवणाच्या वेळेपर्यंत दाबत होते, शेवटी तुझी आई म्हणाली, "बाबा, तिला इथून ऐकू नाही जायचं."

आजी

१६ एप्रिल

भिंगरे,

घरात दोन दिवस भांडण चाललंय, त्यामुळे मजेत आहोत.

तुझा बाबा म्हणतो, "ह्या अवस्थेत इतका प्रवास? आणि ती नाही म्हणाली तर? एवढं लांब जाऊन दारातून परत यायचं?" मी म्हटलं, दारातून परत पाठवायची तिची पद्धत नाही, ती आजोबांची आहे. आजोबांनी दाबलं, "गाढव." मला कळलं नाही की ते मला म्हणाले की त्याला, पण वाद तिथे संपला. डॉक्टर म्हणाले, बसून जाता येईल अशी जागा मिळाली आणि सोबत कुणी असलं तर न्यायला हरकत नाही. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "तांबडं बटण घेऊन जा, पण मला फोन करू नका." गंमतीत म्हणाले. बहुतेक.

तर ह्या पत्रात एक छोटी चिठ्ठी आहे, ती टाकून देऊ नकोस. त्यावर एका पानाचा पत्ता लिहिलाय. ते पान मी तुझ्यासाठी केलंय. मजकूर माझा नाही, ते तू बघशीलच. वर आजोबांचा प्रश्न आहे. दाबलास तर हळू आवाजातले कंडक्टर ऐकू येतील, ते सोसून घे. खाली एक रिकामा चौकोन आहे, त्यात उत्तर लिहायचं. तू लिहिलेलं इथे आमच्या टॅबवर दिसेल, एवढी सोय बाईंनी करून दिली, ती वरच्या वर्गातली गोष्ट आहे म्हणाल्या, मला अजून समजायची नाही.

पण बाकीचं मी लिहिलंय. आतल्या ओळी उघडून बघायच्या असतात हे तुला मी काय सांगू. बघशील तेव्हा ओळींच्या पुढे दोन तिरक्या रेघा मारून मी मधेमधे काहीबाही लिहून ठेवलंय. तशा रेघांच्या पुढचं मशीन वाचत नाही म्हणे, ते आपल्या माणसांसाठी असतं. मला ही सोय फार आवडली. रंगाबद्दल जिथे जिथे आजोबांनी हात लावू दिला नाही तिथे तिथे तसं लिहिलंय.

आणि कंस तपासलेस तरी चालतील. ह्या वेळी सगळे मिटलेत.

मागच्या वर्गात इफच्या जोडीला एल्स शिकवलं. म्हणजे असं झालं तर हे कर, आणि तसं नाही झालं तर मग ते कर. बाई म्हणाल्या, नवशिके नेहमी पहिलाच अर्धा लिहितात, त्यांना वाटतं आपल्या मनासारखंच होणार. मी म्हटलं, माझं वय झालंय, मला दोन्ही लिहायला शिकवा.

म्हणून दोन्ही घेतले. तुझ्या चौकोनात "हो" आलं तर पानभर मोठ्या अक्षरांत "निघालो" येतं. ते अक्षर आजोबांनी चार वेळा बदलायला लावलं आणि पाचव्यांदा तांबडं दाबलं नाही.

एल्सचा कंस मी उघडला. त्यात काय लिहावं ते सुचेना. दोन दिवस त्याच्यासमोर बसले. "बरं, राहू दे" असं लिहिलं, पुसलं. "पुन्हा विचारू" लिहिलं, पुसलं. आजोबांना विचारलं, त्यांनी भिंतीकडे बघितलं. शेवटी बाईंना विचारलं, हा रिकामा ठेवला तर चालतो का. त्या म्हणाल्या, चालतो की, मशीनला काही होत नाही, ते नुसतं थांबून राहतं. मग मी तो तसाच मिटला, आत काही न लिहिता. थांबायला आम्हाला येतं, पोरी.

तुझे आजोबा मात्र सकाळपासून बूट घालून बसलेत आणि कुणाला काढू देत नाहीत.

तुझीच,
आजी